सिंदखेड राजा म्हणजे वाटेतला थांबा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला सहलीवरचा लेख वाचून संताप आला. लोणारला अर्धे पान, शेगावला भलामोठा फोटो आणि आमच्या सिंदखेड राजाच्या वाट्याला चार ओळी. त्यातही सल्ला काय, तर जिजाऊंचे जन्मस्थळ पाहून लगेच पुढे निघावे. लेखक महाशय राजवाड्याच्या दरवाजापलीकडे गावात शिरले होते का, एवढेच मला विचारायचे आहे.

शिरले असते तर लखुजीराव जाधवांची समाधी दिसली असती. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात अहमदनगरच्या निजामशहाने लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दगाबाजीने मारले. जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. पुढच्याच फेब्रुवारीत शिवराय जन्मले. ही माहिती दोन ओळींत बसली असती. शिवाय २०२४ च्या जूनमध्ये याच समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली, तिच्या पायथ्याशी समुद्रमंथनही कोरलेले आहे. ती बातमी आपल्याच अंकात ठळक छापून आली होती. मग पुरवणीपर्यंत येताना ती गळाली कशी?

आणि पुतळा बारव, ती पायऱ्यांची जुनी विहीर! गेल्या दिवाळीत माझ्या भाचीच्या सासरची मंडळी पुण्याहून आली होती. तिच्या सासूबाई पूर्वी एका सहल कंपनीच्या गाडीने इथे येऊन गेलेल्या. तेव्हा त्यांना वाड्यासमोर फोटो काढायला लावून लगेच गाडीत बसवले होते. मी त्यांना बारवेवर नेले. गुडघे दुखत असतानाही त्या हात धरून पायऱ्या उतरल्या आणि दगडात कोरलेल्या मूर्तींसमोर थबकल्या. एकीपुढे गवत वाढले होते, ते त्यांनी स्वतः उपटले. खाली पाण्यावर वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या तरंगत होत्या. "अहो, आम्हाला मागच्या वेळी हे दाखवलेच नाही," असे त्या घरी येईपर्यंत म्हणत होत्या. पाहुण्यांसमोर त्या कचऱ्याची लाज मला वाटली, आणि काल आपला लेख वाचताना पुन्हा वाटली. कोणी पाहायलाच येत नाही म्हणून कोणी झाडत नाही, आणि वर्तमानपत्रही बारवेचे नाव घेत नाही.

मोती तलाव, चांदणी तलाव, सजना बारव, काळा कोट, रंगमहाल, नीळकंठेश्वराचे मंदिर यांतले एकही नाव लेखात नाही. याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवले आणि तिथून हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. खुद्द सिंदखेडला १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजेने निजामाशी लढाई दिली. इतका इतिहास पोटात असलेल्या गावाला थांबा म्हणताना हात कसा धजला?

१२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला इथे लाखोंनी माणसे येतात, तेव्हा आपले बातमीदार आणि छायाचित्रकारही येतात. एरवी वर्षभर इकडे कोणी फिरकत नाही. येणाऱ्या बाईमाणसाला स्वच्छतागृहासाठी हॉटेलवाल्याची विनवणी करावी लागते, यावरही आपण कधीतरी लिहा. ज्या गावात जिजाऊ जन्मल्या तिथे लेकीबाळींची ही अवस्था आहे, हे मी फार दुःखाने लिहितो आहे.

येत्या रविवारी दुरुस्ती म्हणून पुतळा बारवेचा एक चांगला फोटो आणि समाधीची नीट माहिती छापावी, ही विनंती. आपला माणूस पाठवणार असाल तर सकाळी पाठवा. सगळे गाव मी स्वतः फिरवून दाखवीन, आणि जेवणही आमच्याकडेच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सिंदखेड राजा, जि. बुलढाणा