‘हे नको’ म्हणता, मग त्याऐवजी काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अणुवीज हवी की सौर-पवन?’ या प्रश्नावरचा जनमताचा कौल आपल्या अंकात वाचला. कौलाबद्दल काही म्हणणे नाही, तक्रार आहे ती प्रश्नाबद्दल. माझी सारी नोकरी वीज यंत्रणेच्या नियंत्रण कक्षात गेली. तिथे ‘हे की ते’ असा प्रश्न कधी समोर येत नाही. समोर येते ती संध्याकाळ. ऊन कलते तशी सौर विजेची रेघ पडद्यावर घसरू लागते आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. त्यात वारा पडलेला असेल तर पन्नासच्या आसपास राहणारा फ्रिक्वेन्सीचा आकडा (मागणीपेक्षा वीज कमी पडली की तो खाली येतो) ४९.९, ४९.८ असा उतरायला लागतो आणि ड्युटीवरचा माणूस फोन उचलतो. जलविद्युत केंद्राला, गॅसच्या केंद्राला, नाहीतर मग कोळशाला. अणुकेंद्राला सहसा नाही. ते एकाच लयीत चालत असते, घाईला उपयोगी पडत नाही. म्हणून लोकांना विचारायचेच असेल तर असे विचारा: ही वीज नको, तर तिच्या जागी कोणती?

ऑस्ट्रियात हा प्रश्न विचारायचा राहून गेला. त्स्वेन्टेनडॉर्फ इथले अणुवीज केंद्र बांधून पूर्ण झाले होते. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत झाले आणि ५०.४७ टक्के लोकांनी नकार दिला. केंद्र एक दिवसही चालले नाही. लोकेच्छेचा मान राहिला, उत्तम. पण पुढे तिथून जवळच ड्युर्नरोर इथे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि तिथे २०१९ पर्यंत कोळसा जळत होता. मतपत्रिकेवर ‘अणू की कोळसा?’ असे छापले असते तर? सांगता येत नाही. पण तसे छापलेच नव्हते.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. इटलीत पहिले सार्वमत १९८७ साली, चेर्नोबिलच्या पुढच्याच वर्षी झाले. दुसरे जून २०११ मध्ये, फुकुशिमानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. त्यात सुमारे ९४ टक्के मते अणुऊर्जेच्या विरोधात पडली. उलट जर्मनीत फुकुशिमानंतर अणुकेंद्रे बंद करण्याला मोठा पाठिंबा होता, पण शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या तेव्हा बहुसंख्यांना तो निर्णय चुकीचा वाटत होता. मधल्या काळात रशियाकडून येणारा गॅस आटला होता आणि बिले भडकली होती. अणुभट्ट्या त्याच होत्या.

अणुवाल्यांनी मात्र यावरून हुरळून जाऊ नये. फिनलंडमधल्या ओल्किलुओतो इथल्या तिसऱ्या अणुभट्टीचे काम २००५ साली सुरू झाले. ती २००९ मध्ये चालू होणार होती, नियमित वीज द्यायला लागली एप्रिल २०२३ मध्ये. तेवढ्या काळात सौर विजेचा खर्च कुठल्या कुठे उतरला. २०१० ते २०२० या एका दशकातच सुमारे ८५ टक्क्यांनी. तेव्हा ‘अणुवीज हवी’ म्हणणाऱ्यालाही विचारले पाहिजे: ती येईपर्यंत काय जाळायचे?

नीट विचारले तर लोक नीट उत्तर देतात, याचा दाखलाही फिनलंडचाच. वापरलेले अणुइंधन खडकात चारशे मीटरहून खोल पुरण्याचा प्रकल्प युरायोकी पालिकेच्या हद्दीत आहे. पालिकेला सरळ ‘नाही’ म्हणायचा हक्क होता. तरीही २००० साली तिथल्या परिषदेने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. अणुकेंद्राच्या शेजारी कित्येक वर्षे काढलेली ती माणसे होती, आणि नकार दिला असता तर तो पाळला जाणार होता. निम्मे काम त्या हक्कानेच केले असावे.

माझे मत विचाराल तर नव्या विजेसाठी आधी सूर्य, वारा आणि साठवण. पण धडधाकट चालणारी अणुभट्टी कोळशाच्या आधी बंद करणे मला पटत नाही. माझ्या घरातच हे सगळ्यांना मान्य नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या चाचणीत एक रकाना वाढवावा, एवढी विनंती: ‘प्रकल्प तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर चालेल?’ आणि तो अणुकेंद्रापुरता ठेवू नका. पवनचक्की आणि उच्चदाब वाहिनीचे मनोरे यांच्यासाठीही तोच रकाना असू द्या.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी