९५ किलोच्या त्या व्हिडिओबद्दल

मिरज,
रविवार दुपार

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकटाच बोलत होतास आणि मी नुसती हूं हूं करत होते, म्हणून हे पत्र. मावशीने ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तू पाहिलास. वीस सेकंदांचा, माझ्या पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतला. त्यात तुझी आई लालबुंद तोंडाने बार उचलते, तो गुडघ्यापाशी अडतो, ती तो खाली ठेवते आणि तीन लाल दिवे लागतात. "आई, बास झालं आता, हे काय वय आहे का?" असं तू म्हणालास. मग सूनबाईने फोन घेऊन तेच जरा गोडीत सांगितलं. मी "बघू" म्हणाले. ते "बघू" मी मागे घेतेय.

आधी वयाचं. जिल्हा परिषदेने मला ५८ झाल्याबरोबर नारळ दिला. या खेळात उलटं आहे. इथे चाळिशीपासून मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांचा विभाग, सुरू होतो आणि दर दहा वर्षांनी गट बदलतो: ४० ते ४९ पहिला, ५० ते ५९ दुसरा, साठीचा तिसरा, सत्तरीच्या पुढे चौथा. म्हणजे मी गेल्यावर्षी दुसरीत होते, यंदा तिसरीत गेले. गंमत अशी की वाढदिवस कधी का असेना, ज्या वर्षी साठ लागणार त्या वर्षीच्या १ जानेवारीपासूनच तुम्ही साठीच्या गटात. मला डिसेंबरात साठ पूर्ण होतील, पण फॉर्मवर मी जानेवारीतच म्हातारी झाले.

आमच्या प्रकाराला "रॉ" म्हणतात. बाबा अजून विचारतात, कच्चं म्हणजे कैरीसारखं का? दुसऱ्या प्रकारात अंगाला चिकटून बसणारे जाड सूट आणि बेंचसाठी (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा, ते) शर्ट असतात, ते वजन उचलायला हातभार लावतात. आमच्यात ते काही नाही. दहा सेंटीमीटर रुंदीचा पट्टा, गुडघ्यावर रबरी स्लीव्ह, मनगटाला पट्ट्या, बस्स. आणि तो अंगाबरोबरचा कॉस्च्युम. तो पहिल्यांदा घातला तेव्हा मी आतून कडी लावून अर्धा तास खोलीत बसले होते. आत टी-शर्ट असतो, डेडलिफ्टला (बार जमिनीवरून उचलून उभं राहायचं, ते) गुडघ्यापर्यंत मोजे असतात, म्हणजे तसं सगळं झाकलेलंच. पण चौतीस वर्षं नऊवारी-पाचवारीत काढलेल्या बाईला ते कोण समजावणार? स्पर्धेत समजलं. तिथे कुणाचं लक्षच नसतं, जो तो आपल्या पुढच्या वजनाच्या विचारात.

आता स्पर्धा. वजन करायला लिफ्टिंगच्या दोन तास आधी बोलावतात. दार बंद, आत बायकाच पंच. मी ६२.३ भरले, म्हणजे ६३ किलोचा गट. माझ्या वयोगटात माझ्याशिवाय एकच बाई होती, ६१.४ किलोची. दोघीच असल्यावर रौप्यपदक नक्की, तेव्हा मावशीने "सिल्व्हर मेडलिस्ट" म्हणून जे टाकलंय त्यावर फार जाऊ नकोस.

पहिलं स्क्वॅट. खांद्यावर बार, बैठक मारायची, कंबरेचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला पाहिजे, मग उठायचं. तीन पंच, तीन दिवे, दोन पांढरे लागले की पास. माझं पहिलं वजन ६२.५. जिममध्ये मी ७० मारलेले, म्हणजे हे हातचंच. गेले, बसले, उठले. दोन लाल, आणि पंचांनी लाल कार्ड वर केलं. लाल कार्ड म्हणजे पुरेशी खाली गेले नाही. एकदा मागितलेलं वजन कमी करता येत नाही, तेच पुन्हा घेता येतं किंवा वाढवता येतं. तेच घेतलं. या वेळी इतकी खाली गेले की वर येताना मला शाळेच्या फरशा दिसल्या. उभी राहिले आणि पंचांनी "रॅक" म्हणायच्या आत पाऊल पुढे टाकलं. पुन्हा लाल. चौतीस वर्षं पोरांना सावधान-विश्राम करायला लावणारी बाई एका हुकमासाठी दोन सेकंद थांबू शकली नाही!

तिसराही फसला असता तर बेंच आणि डेडलिफ्ट कितीही मारा, टोटलच (तिन्हींची बेरीज) लागत नाही, स्पर्धेतून बाद. आमचा कोच जवळ आला. तो माझ्याकडे चौथीत होता हे तुला माहीत आहेच. गृहपाठ नाही म्हणून मी त्याला उठाबशा काढायला लावायचे, आता तो माझ्या मोजतो. म्हणाला, "बाई, खाली बसा आणि माझा नाही, पंचांचा आवाज ऐका." तिसऱ्याला दोन पांढरे, एक लाल. पाय नंतर थरथरले. आधी नाही.

बेंचला ३२.५ आणि ३५ गेले, ३७.५ अर्ध्यावर राहिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खांदे माझे कधीच चांगले नव्हते, चौतीस वर्षं फळ्यावर हात वर करून लिहिल्याचा हा पगार. मधल्या वेळेत दोन राजगिऱ्याचे लाडू खाल्ले आणि भिंतीला टेकून बसले.

डेडलिफ्टच्या आधी एक गोष्ट कबूल करते, कारण त्याशिवाय तो व्हिडिओ तुला कळायचा नाही. दिवाळीत तुला फोनवर "गुडघा जरा दुखतोय" म्हणाले होते. तो गुडघा नव्हता. पाठ होती. दिवसभर उभं राहून चकल्या आणि अनारसे केले, संध्याकाळी कोचला न सांगता जिममध्ये गेले आणि फक्त आकडा गाठायचा म्हणून ८५ ओढलं. वर येताना पाठ वाकलेली मला कळत होती. कळत असूनही सोडलं नाही. कंबरेत उजव्या बाजूला कुणीतरी सुई टोचल्यासारखं झालं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. सहा आठवडे बार नाही. पहिले चार दिवस मोजे बाबा घालून देत होते. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते पाठ होतं. हे चुकलंच माझं.

जानेवारीत पुन्हा रिकाम्या बारपासून सुरू केलं. रिकामा बार वीस किलोचा असतो, तोही मला तेव्हा जड वाटला. आता जड डेडलिफ्ट दहा दिवसांतून एकदाच, आठवड्यात तीन दिवस व्यायाम, आणि वॉर्मअपला माझा वेळ पंचविशीतल्या पोरांच्या दुप्पट. ती पोरं माझे सेट संपेपर्यंत दोनदा चहा पिऊन येतात. रात्री साडेनऊला झोपते. खाण्यात दोन अंडी, मटकी-हुलग्याची उसळ रोज, ताक भरपूर, आणि ती प्रोटीनची पावडर आहेच, जिला बाबा अजून माझं औषध समजतात.

तर डेडलिफ्ट. ८० गेलं, तिन्ही पांढरे. ८७.५ गेलं, तेही तिन्ही. आता गणित मांडून दाखवते. स्क्वॅट ६२.५, बेंच ३५, डेडलिफ्ट ८७.५, टोटल १८५. त्या बाईंचं १९० करून झालेलं. मी ९२.५ मारलं तर बरोबरी, पण बरोबरीत कमी वजनाची बाई जिंकते, म्हणजे त्याच. जिंकायला ९५ हवं. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं डेडलिफ्ट ९०. कोच म्हणाला, "९० घ्या बाई, तुमचा आकडा नक्की लागतो. ९५ मागायचं तर तुमची मर्जी, पण पाठ गेली की सोडायचं, कबूल?" मी कबूल म्हणाले आणि ९५ मागितलं.

हातांना चॉक लावला, एक पंजा आत, एक बाहेर. बार जमिनीवरून सुटला तेव्हा मला वाटलं, आलंच. नडगीला घासत गुडघ्यापर्यंत आलं. तिथे थांबलं. आणि मग दिवाळीच्या त्या जागी, उजवीकडे, पाठ गोल व्हायला लागल्याचं कळलं. दुखलं नव्हतं. दुखायच्या आधीचं जे असतं ना, ते. मी बार खाली ठेवला.

तू व्हिडिओ पुन्हा बघ. बार माझ्या हातून सुटलेला नाही. दोन्ही हातांत धरून मी तो खाली नेलाय, मावशीच्या अंगणात कळशी ठेवतात तसा. तुला जिथे आई हरताना दिसली, तिथे मला दिवाळीतली बाई दिसत होती, आणि ती या वेळी वेळेवर थांबली. स्पर्धेतल्या सगळ्या उचलींत मला हीच सगळ्यात बरी वाटली. कोचलाही. त्याने आधी पाठीवर थाप मारली आणि मग पाया पडला, त्यामुळे मला रडू आलं. ते व्हिडिओत नाही, देवाची कृपा.

डॉक्टरांचं तू विचारलंस. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्यांना विचारूनच सगळं चाललंय. श्वास रोखून जड उचललं की त्या क्षणी दाब चढतो, हे त्यांनीच समजावलं, म्हणून दर महिन्याला तपासणी असते आणि ज्या दिवशी आकडा चढा असेल त्या दिवशी मी नुसती चालते. निवृत्त झाले तेव्हा हाडांची तपासणी केली होती आठवतं? मणक्याचा टी-स्कोअर उणे २.२. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली, त्याच्या खाली गेलं की ठिसूळ. परवा परत केली, उणे २.१. एवढा फरक यंत्राच्या उन्नीसबीसातही जातो, तेव्हा मी पेढे वाटत नाही. पण खाली गेलं नाही.

आणि "या वयात वजन उचलू नये" असं जे तू सर्रास म्हणतोस, त्यावर एक वाच. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या लोकांनी पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या. निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॅट आणि डोक्यावर बार उचलणं असा जड व्यायाम दिला. उरलेल्यांना घरी हलका. जडवाल्यांची मणक्यातली घनता सरासरी २.९ टक्के वाढली, हलक्यावाल्यांची १.२ टक्के घटली. २०१७ मध्ये ते छापून आलंय. देखरेखीखाली हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, दिवाळीची बाई एकटी होती.

२०१९ मध्ये मी पेपरातून एक कात्रण कापून ठेवलं होतं. भावना टोकेकर, ४७ वर्षांच्या, दोन मुलांची आई, रशियात चेल्याबिन्स्कला पॉवरलिफ्टिंगमध्ये चार सुवर्णपदकं. तेव्हा मी शाळेत होते आणि ते कात्रण हजेरीपटात ठेवून मनात म्हणाले होते, सत्तेचाळीस म्हणजे काय, पोरच की. मग पटावरची नावं वाचायला लागले.

अजून एक. भरलेलं गॅसचं सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतं. तुझ्या लहानपणी आपण तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, आणि टाकी आणणारा माणूस खाली ठेवून जायचा. ते वर कोण आणायचं? पाण्याच्या दोन कळशा एका खेपेत कोण? तेव्हा तू, बाबा, तुझी आजी, कुणीही "पाठ जपा" म्हणालं नाही. मी तक्रार करत नाही, तेव्हा मलाही सुचलं नव्हतं. फक्त मी तेव्हा वाकून उचलायचे, आता बसून उचलते, आणि मोजून उचलते. आमच्या वडिलांच्या तालमीत मुलींना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नसत, आम्ही खिडकीतून मुद्गल फिरताना बघायचो. तो जड असणार हे कळायचं, किती जड ते कधीच कळलं नाही.

गणपतीत येशील तेव्हा एक दिवस माझ्याबरोबर जिमला चल. टायरच्या दुकानाच्या वर आहे, जिना अरुंद आहे, डोकं सांभाळ. प्लेटा लावायला माणूस कमी पडतो. आणि बेंचला माझ्या डोक्यापाशी उभा राहशील तेव्हा मी म्हणेपर्यंत बारला हात लावायचा नाही. हात लागला तर तो अटेम्प्ट माझा राहत नाही.

येताना गुडघ्यापर्यंतचे काळे मोजे दोन जोड आण, जाड. इथे मिळतात ते पहिल्याच डेडलिफ्टला फाटतात. आणि शनिवारी सकाळी सहा ते साडेसात फोन करू नकोस, बैठका असतात.

सूनबाईला आशीर्वाद, छकुलीला पापा.

तुझी,
आई

ता. क. ८७.५ चा व्हिडिओ बाबांनी काढलाय, तिन्ही पांढऱ्या दिव्यांसकट. तो ग्रुपवर टाकता आला असता, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं बोट कॅमेऱ्यावर आहे. नुसता आवाज ऐकू येतो, "उचल, उचल, उचल".