सीमाभागातील मराठी प्रेक्षकाला त्याची भाषा निवडू द्या

महोदय,

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या घाटपट्ट्यात संध्याकाळी मोबाईलवर मराठी मालिका लावली, की चित्र धूसर होते आणि हा बिघाडच आहे, असे वाटते. प्रत्यक्षात चित्रफितीच्या वेगवेगळ्या दर्जांच्या प्रती आधीच तयार करून प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि नेटवर्कचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला मागवायचा, हे ॲप सतत ठरवीत असते. वेग घसरला, की कमी दर्जाचा तुकडा येतो. त्यामुळे धूसर चित्र हा बिघाड नव्हे, कार्यक्रम थांबू नये म्हणून केलेली ती तडजोड असते.

हे तंत्र प्रशंसनीय आहे. माझी तक्रार भाषेची आहे. आम्ही वर्षाची वर्गणी भरलेल्या एका ॲपवर मराठी भाषा निवडूनही पहिल्या पानावर मराठी कार्यक्रम क्वचितच दिसतात, ते नावानिशी शोधावे लागतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला ते जमत नाही. कन्नड कार्यक्रम आम्ही आवडीने पाहतो, त्यांना विरोध मुळीच नाही. परंतु प्रेक्षक कोणत्या राज्यात राहतो यापेक्षा त्याने कोणती भाषा निवडली, यालाच अधिक वजन मिळायला हवे.

डाउनलोड केलेले भागही परवान्याची, म्हणजे ते पाहण्यासाठी ॲपने दिलेल्या परवानगीची, मुदत संपताच उघडेनासे होतात. जेथे रेंजच अधूनमधून मिळते, तेथे ही मुदत वाढवावी आणि ती कधी संपणार, हे मराठीत ठळकपणे दाखवावे, अशी ही ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना विनंती आहे.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)