मे महिन्यात ओव्हरक्लॉक नको

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत घरी आल्यावर ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू का, म्हणजे त्याच्या चिपचा मेगाहर्ट्झमधला वेग (क्लॉक) कंपनीने ठरवलेल्याच्या वर चढवू का, असं तू फोनवर विचारलंस. कर, पण या सुट्टीत नको. आत्ता उलट व्होल्टेज कमी करून बघ.

तू वाचतोस ते आकडे बहुतेक गार खोलीत मोजलेले असतात. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराच्या वरच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी 38 अंश सहज होतात. लोड तोच, फॅनचा वेग तोच, पण खोली 16 अंशांनी जास्त गरम असली, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. 22 अंशांच्या खोलीत 68 दाखवणारं कार्ड इथे 84 च्या आसपास जाईल. एनव्हीडियाची बरीच कार्डं 83 च्या आगेमागे स्वतःच क्लॉक उतरवतात. म्हणजे तू चढवलेले मेगाहर्ट्झ कार्ड परत खाली आणणार आणि खोली मात्र आणखी तापणार. खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवायचा विचारही करू नकोस, ती हवा ओली असते.

कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तू बारावीत माझ्याकडेच शिकलास. चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना अशीच चार्ज-डिस्चार्ज चालते. म्हणून क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरवलं, तर त्या कामाला लागणारी शक्ती 19 टक्क्यांनी घटते. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. तिथे थोडं थोडं खाली ये. गेम मध्येच बंद पडला किंवा ड्रायव्हर कोसळला, तर एक पायरी परत वर. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हाच खरा फायदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

क्लॉक वाढवायचाच असेल तर डिसेंबरात कर, तानसेन समारोहाच्या थंडीत. आधी काहीही न बदलता अर्धा तास चाचणी चालवून तापमान, वॅट आणि फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) लिहून ठेव. मग फक्त कोअर, म्हणजे मुख्य चिपचा क्लॉक, एका वेळी 25 मेगाहर्ट्झ. तो स्थिरावल्यावरच कार्डाच्या मेमरीचा. दोन्ही एकदम वाढवलं तर दोष कुणाचा ते कळणार नाही. तुझ्या 4070 कार्डामध्ये जीडीडीआर6एक्स मेमरी आहे. तिच्यात चूक झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे पडद्यावर ठिपके दिसण्याआधीच वेग घटू शकतो. म्हणून नुसतं क्रॅश होत नाही एवढ्यावर थांबू नकोस. मेमरीचा क्लॉक वाढवल्यावर फ्रेम कमी झाल्या, तर तू हद्दीपलीकडे गेला आहेस. विंडोज सुरू होताच सेटिंग आपोआप लागू करायची खूण तर काही दिवस सगळं नीट चालल्याशिवाय करूच नकोस, नाहीतर मशीन चालू झाल्या झाल्या अडकेल.

या सगळ्यातून 60 फ्रेमच्या 63-64 झाल्या तरी खूप. एवढ्यासाठी कार्डाचं बायोस (त्यात साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, तोडायला माझी परवानगी नाही. तिथे कंपनीने ठेवलेलं संरक्षणच निघून जातं आणि वॉरंटीचीही खात्री राहत नाही.

वीज गेल्यावर काय, तेही बघ. घरातला यूपीएस 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आहे, म्हणजे जेमतेम 360 वॅट. कार्डच 200 वॅट घेतं, वर प्रोसेसर आणि मॉनिटर. संध्याकाळी बत्ती गेली आणि चाचणी चालू असेल, तर तो तिथेच बसेल. मोठा यूपीएस घ्यायला मी तयार आहे. पैसे कार्डावर नको, त्यावरच घालू.

यायच्या आधी कॅबिनेटची जाळी मी साफ करून घेते, यंदा लूच्या गरम वाऱ्याबरोबर धूळ फार आली आहे. तू तुझ्याकडचे जुने तापमानाचे आकडे घेऊन ये.

तुझी,
आई