पंखा घेण्याआधी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वेल्डिंगच्या गाळ्याचे फोटो आणि व्हिडिओ पाहिले. 18 इंची दोन एक्झॉस्ट घ्यायचे की 24 इंची एक, असं तू विचारलंयस. त्याआधी मागच्या भिंतीतल्या जुन्या पंख्याचं बोलू. तो फिरतोय झकास, पण त्याच्या फ्रेमला लटकलेलं जळमट आतल्या बाजूला फडफडतंय. म्हणजे एक्झॉस्ट म्हणून लावलेला पंखा बाहेरची हवा आत ढकलतोय.

मेन स्विच बंद कर आणि पातं जवळून बघ. पात्याला बाक असतो. खोलगट बाजू जिकडे, तिकडे हवा जायला हवी. घरच्या सीलिंग फॅनचं पातं खालून निरखलंस की लगेच कळेल. खोलगट बाजू बाहेर असूनही हवा आत येत असेल, तर पंखा उलटा फिरतोय. थ्री-फेज मोटर रिवाइंडिंगहून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, आली की हे हमखास होतं. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. ते वायरमनकडून करून घे. पण खोलगट बाजूच आत असेल, तर पंखा बसवतानाच उलटा बसलाय. मग तो फ्रेमसकट काढून फिरवायचा. वायरमन म्हणेल, कशाला काढता, फेज बदलतो, म्हणजे त्याच दोन वायरी अदलाबदल करतो. तसं केलं तर हवा बाहेर जाईल, पण पातं पाठीकडून हवा ढकलणार, म्हणजे हवा कमी जाणार. दुसरा कुणीतरी नुसती पातीच शाफ्टवर उलटी लावायला सांगेल. त्याने तर दिशाही बदलत नाही. सगळं झाल्यावर जाळीपाशी उदबत्तीचा धूर धरून खात्री कर, थिनरचे डबे लांब ठेवून.

पुढेमागे ब्लोअर, म्हणजे केसिंगमधला नळीतून हवा ढकलणारा पंखा, घेतलास तर त्याची गंमत वेगळी. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त बरीच कमी. त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. केसिंगवरचा बाण बघूनच चालू करायचा.

आता मापाचं. गाळा 40 बाय 25, उंची 14, म्हणजे 14,000 घनफूट. तासाला वीस वेळा हवा बदलायची म्हटली तर मिनिटाला साधारण 4,700 घनफूट, म्हणजे तेवढे सीएफएम. कॅटलॉगमध्ये आकडा घनमीटर प्रति तास असेल तर 8,000 च्या आसपास. पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि लूव्हर (बाहेरच्या झडपा) लागले की घट येते, म्हणून मी 6,000 सीएफएम धरीन. 24 इंची, 900 आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला 900 फेऱ्यांचा घे. 1400 चा छोटा पंखा कानाशी इतका बोंबलतो की तुला गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला बाहेर पळावं लागेल. जुना दुरुस्त झाला की तो जोडीला आहेच.

नवा पंखा मागच्याच भिंतीत, शक्य तितका वर. ती भिंत पूर्वेला आहे हे बरं, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. पण पंख्यालगतची खिडकी कायमची बंद कर. ती उघडी राहिली तर पंखा तिथूनच हवा घेऊन तिथेच बाहेर टाकणार आणि वेल्डिंगच्या टेबलावरचा धूर जागचा हलणार नाही. हवा समोरच्या शटरमधून यावी, अख्खा गाळा ओलांडून मागे जावी. शटर लावून काम करणार असशील तर पुढच्या बाजूला खाली दहा-बारा चौरस फुटांची जाळी लागेल. आत यायला वाट नसेल तर पंखा काय ओढणार?

आणि एवढं करूनही वेल्डिंगचा धूर भिंतीतल्या पंख्यावर सोडू नकोस. पंखा ढकलतो लांबवर, पण ओढतो फक्त जवळचं. ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की हवेचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून टेबलाशी हूड (धूर ओढणारं तोंड), हूडला डक्ट (हवेची नळी) आणि डक्टला ब्लोअर. धूर निघतो तिथेच ओढावा, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 14 व्या कलमातही होतं. हूड होईपर्यंत पोरं पेडेस्टल फॅन लावतील. तो टेबलावर रोखला तर वेल्डला हवेपासून वाचवणारा सीओटू गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. पाठीमागून लावला तर धूर छातीपुढे घोटाळून थेट नाकात. लावायचाच तर लांबून, आडव्या अंगाने. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तेव्हा जोडाजवळचं जस्त आधी काढून टाकायचं. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो आणि घरचे समजतात मलेरिया झाला.

स्प्रे पेंटिंग या पंख्यांच्या भरवशावर आत करायचं नाही. साध्या मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ, यावर मी वाद ऐकणार नाही. तूर्त ते काम बाहेरून करून घे.

भिंतीला 24 इंचाचं भोक पाडायला मालकाची परवानगी लेखी घे, तोंडी नको. आणि जुन्या मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पाठव, व्हिडिओत अक्षरं लागत नाहीत. आई म्हणते मास्क लावतेस का ते विचारा.

तुझा,
बाबा