मंग्या, तू आईच्या मातीनंतर जे विचारलंस त्यावर

प्रिय मंग्या,

तुझा मेसेज वाचला आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर द्यायचं जीवावर आलं, म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊन बस. तू आईच्या मातीला आलास, शेवटपर्यंत थांबलास, आणि घरी गेल्यावर जे विचारलंस ते आमच्या एवढ्या गोतावळ्यात मला कुणी विचारलं नव्हतं. एक म्हणजे, पाप माझं आणि मरण दुसऱ्याचं, हा कुठला न्याय, आपल्याकडे तर करावं तसं भरावं. दुसरं, पेटी खाली सोडताना तुम्ही सगळे गात होता, पाळकसाहेब म्हणाले की पुन्हा भेट होणार, ते तुम्ही खरंच धरून चालता की दुःखाच्या वेळी म्हणायची एक रीत आहे. आणि तिसरं तुझ्या अण्णांबद्दल. त्याच्यावर शेवटी येतो, ते टाळणार नाहीये.

आधी सरळ सांगतो, हो, खरंच मानतो. रीत म्हणून नाही. आणि तुझे पहिले दोन प्रश्न वेगवेगळे नाहीतच असं माझं म्हणणं आहे, ते कसं ते सांगायचा प्रयत्न करतो.

न्यायाचं बघू. हे बलिदान वगैरे ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढलेलं नाही, येशू यहुदी होता आणि यहुद्यांचा वर्षातून एक प्रायश्चित्ताचा दिवस असायचा, बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात सगळा विधी दिलाय. दोन बकरे आणायचे. एक कापायचा आणि त्याचं रक्त मुख्य याजकाने पडद्याच्या आत परमपवित्रस्थानात न्यायचं, जिथे वर्षभर कुणी पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं मोठ्याने कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. मला तो दुसरा बकरा फार बोलका वाटतो. नुसती शिक्षा भरून भागत नाही, पाप माणसापासून लांब कुठेतरी न्यायलाही लागतं हे त्यांना कळलं होतं. आणि हे दर वर्षी करायचं, कारण पुढच्या वर्षी परत तेच. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि ते बळी कायमचे बंद पडले, पण त्याच्या आधीच येशूचे लोक म्हणायला लागले होते की आता याची गरज उरली नाही, एकदाच आणि सगळ्यांसाठी झालंय.

आता 'दुसऱ्याला शिक्षा' हा तुझा मुद्दा. मंग्या, काही जण प्रवचनात असं रंगवतात की वर एक रागावलेला बाप बसलाय, त्याला कुणाला तरी मारायचंच आहे, आणि मधे बिचारा मुलगा येतो. मला ते अजिबात पटत नाही आणि शास्त्राला धरूनही ते नाही. पौल, म्हणजे येशूच्या सुरुवातीच्या प्रेषितांपैकी एक, करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे ज्याचा अपराध झाला तोच भरतोय, तिसऱ्या कुणाला मधे ओढलेलं नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म नावाच्या आर्चबिशपने देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली, काही दशकांनी आबेलार्ड नावाच्या विद्वानाने जोर दिला तो त्या प्रेमाने माणसाचं मन पालटतं यावर, आणि त्यांच्या कितीतरी आधीपासून मरण आणि सैतान यांच्यावरचा विजय असंही लोक सांगत आलेत. गंमत म्हणजे नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत, फक्त 'आमच्याकरता वधस्तंभावर खिळला गेला' एवढंच आहे, नेमकं कसं ते चर्चने तिथे बांधून टाकलेलं नाही. मला वाटतं बरंच केलं.

मला हे पुस्तकातून कमी कळलं आणि आईकडून जास्त. तुला ती पतसंस्थेची भानगड आठवत असेल, आमच्या एका नातेवाइकाला ती जामीन राहिली होती आणि त्याने हप्ते थांबवले. आई चिडली होती, रडली होती, सगळं झालं, आणि मग एक दिवस म्हणाली, जाऊ दे, मी त्याला माफ केलं. पण माफ केलं म्हटल्याने कर्ज कुठे जातं? ते तिच्या पेन्शनमधून जायला लागलं. संध्याकाळच्या शिकवण्या तिने त्याच्यासाठी घेतल्या, गुडघे दुखत असताना, दर महिन्याला पासबुकात तो आकडा वजा झालेला दिसायचा. त्या माणसाच्या लेखी प्रकरण फुकटात मिटलं, पण फुकट काही नव्हतं, फक्त खर्च दुसऱ्या बाजूला पडला होता. तेव्हा मला कळलं की खरी क्षमा म्हणजे जो क्षमा करतो त्याने नुकसान आपल्या अंगावर घेणं, दुसरी कुठली क्षमा जगात नाहीच. 'असू दे, काही झालं नाही' ही क्षमा नव्हे, तो कानाडोळा. करावं तसं भरावं हे खरंच आहे रे, मी ते नाकारत नाही, भरावं लागतंच, प्रश्न कोण भरतं एवढाच आहे.

आणि येशूने काय भरलं तेही हलकं करून सांगायला नको. आपण गळ्यात सोन्याचा क्रूस घालतो म्हणून ते विसरायला होतं. वधस्तंभ ही गुलाम आणि बंडखोर यांची शिक्षा होती, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसावी अशी. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका कबरीत अस्थींची दगडी पेटी सापडली, तिच्यावर येहोहानान असं नाव आणि आत टाचेचं हाड, त्या हाडात खिळा तसाच अडकलेला. खिळ्याचं टोक वाकलं होतं, बहुतेक म्हणूनच तो निघाला नाही आणि तसाच पुरला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि पहिलाच उद्गार आला की माझ्या डोळ्यासमोर ते हाड येतं. 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' खिळे ठोकणाऱ्यांसाठी बोललेलं आहे हे.

पण आता खरी गोष्ट. समज येशू तिथेच मेला आणि संपलं. मग काय उरतं? एक चांगला माणूस अन्यायाने मारला गेला, असे जगात हजारो आहेत. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्याचा अपराध केला तोच मेला तर माफी मागायची कुणाकडे? येशूचा शिष्य पेत्र, त्याचा विचार कर. गुरूला पकडून नेलं तेव्हा हा मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता, थंडी होती, आणि तिथे तिघांनी विचारल्यावर तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी तो गुरू मेला. आता पेत्राने जन्मभर हे कुठे न्यायचं? कितीही दानधर्म केला, कितीही उपास केले, तरी ज्याने 'झालं, मी तुला माफ केलं' म्हणायचं त्याचं तोंडच मिटलंय. मंग्या, आई गेल्यापासून मला हे फार जाणवतंय. तिला बोललेले काही शब्द आहेत, ते परत घ्यायला आता समोर माणूस नाही.

म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, त्यातलं एक) शेवटचा अध्याय मी परत परत वाचतो. पहाटेची वेळ, तलावाचा किनारा, रात्रभर मासे मिळाले नाहीत, किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं उजवीकडे जाळं टाका, आणि मग १५३ मोठे मासे. पेत्र पाण्यात उडी टाकून किनाऱ्यावर येतो तर तिथे कोळशाचा विस्तव, त्याच्यावर मासळी, आणि भाकर. सगळ्या शुभवर्तमानांत कोळशाचा विस्तव या दोनच ठिकाणी येतो, जिथे नाकारलं तिथे आणि इथे. किनाऱ्यावरचा तो मेलेल्यांतून उठलेला येशूच. आधी खायला घालतो, 'या, न्याहारी करा' म्हणतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं असं स्पष्ट लिहिलंय, वाटणारच, कारण प्रत्येक नकाराच्या जागी बरोबर बोट ठेवलं जातंय. पण तिन्ही वेळा पुढे काम सोपवतो, माझी मेंढरं पाळ. झाकून ठेवलं नाही, तोंडावर फेकलंही नाही. हे करायला तो जिवंत असावा लागतो. पौल म्हणतो ना, की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, तर हेच ते.

तू म्हणशील, छान आहे पण घडलं का? गणितासारखं सिद्ध करून दाखवता येत नाही, पण डोळे मिटून गिळावं असंही नाही. पौल हे ज्यात म्हणतो ते करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं, आणि त्यात उठलेला येशू कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे, पेत्र, बारा जण, मग एकाच वेळी ५०० हून जास्त लोक, आणि वर लिहितो की त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. त्याच यादीत याकोब आहे, येशूचा भाऊ. येशू हिंडत फिरत होता तेव्हा त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता हे योहान लपवत नाही, आणि हाच याकोब नंतर यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि इ.स. ६२ मध्ये दगडमार होऊन मेला, हे योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. सख्ख्या भावाला देव मानायला काय बघावं लागत असेल सांग. आणि बायकांचं. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, तरी चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांनीच पाहिली, आणि लूक सांगतो की प्रेषितांना ती नुसती बडबड वाटली. बनवून सांगायचं असतं तर कुणी असं बनवलं असतं का?

आणि हे पुनर्जन्मासारखं नाही बरं का, आणि आत्मा अमर आहे एवढंच सांगणंही नाही. शरीर उठतं. येशूने ज्याला मेल्यावर उठवलं तो लाजर उठला तो पुन्हा मरायला, येशूचं तसं नाही. तो बंद दारातून आत येतो, मग्दालीया मरीयेला आधी माळी वाटतो, तरी भाजलेला मासा मागून खातो. आणि जखमा तशाच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला म्हणतो, बोट इकडे कर. एवढं मरण जिंकलं तर खिळ्यांचे व्रण पुसता आले नसते का? पण ठेवले. जे झालं ते झालंच, ते नव्हतंच असं देव करत नाही, फक्त आता त्यातून रक्त येत नाही. पळून गेलेल्या शिष्यांना ते हात दाखवतो आणि म्हणतो, तुम्हांस शांती असो.

आपल्याच मातीतलं एक सांगतो. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला पण चर्च म्हणतं म्हणून मान डोलवणारी बाई नव्हती ती, तिथल्या सिस्टरांशी सिद्धांतांवरून पत्रापत्री करून भांडली. पण लंडनच्या फुलहॅमला तिने एक आश्रम पाहिला, जिथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना सिस्टर लोक प्रेमाने सांभाळत होते. तिने विचारलं, हे तुम्ही का करता, तर एकीने तिला योहानातली, येशू जिच्याशी विहिरीपाशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. शास्त्र्याची मुलगी, धर्मग्रंथ पाठ, आणि बायकांसाठी शास्त्रं काय सांगतात ते पुरतं माहीत असलेली. अशा बाईला सोडून देतात, प्रायश्चित्त नाहीच तिला, हे बघत मोठी झालेली. तिच्यावर या गोष्टीचा काय परिणाम झाला असेल. पुढे केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये तिने अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. पापाची क्षमा म्हणजे तिच्या लेखी चार भिंती, अंथरूण, शिकवणं आणि काम होतं. आणि तिने स्वतः लिहिलंय की ख्रिस्ती धर्म सापडल्यावरही ख्रिस्त सापडायला तिला काही वर्षं लागली.

आता आई. तू विचारलंस गाणी का. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेली बाई ती, पेटी-तबल्यावर, तिला रडारड चालली नसती हे तुलाही माहिती आहे. पण मला रडायला आलंच, येशूसुद्धा लाजरच्या कबरीपाशी रडला, थोड्या वेळात त्याला उठवणार होता तरी. मूठभर माती टाकली तेव्हा आवाज झाला ना पेटीवर, तो अजून कानात आहे. पाळक 'मातीला माती' म्हणाले तेही खरं आणि 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' म्हणाले तेही खरं, मी दोन्ही धरून आहे. तिचे दुखरे गुडघे, तिचं शिकवणं, तो जामीनकीचा त्रास, यातलं काही फुकट गेलेलं नाही, ती उठेल तेव्हा मी तिला ओळखेन आणि जे बोलायचं राहिलंय ते बोलेन. हा धीर द्यायचा डायलॉग नाही मंग्या. याच्यावर मी माझा रोजचा दिवस चालवतोय सध्या.

अण्णांबद्दल. त्यांनी कधी बाप्तिस्मा घेतला नाही, माळ घातली, आयुष्यभर वारी केली, मग त्यांचं काय, हे तू विचारलंस आणि मला माहितीये ते किती दुखऱ्या जागेतून आलंय. काही लोक यावर पटकन उत्तर देतात, मी देणार नाही, कारण तो निवाडा माझ्याकडे नाही. ख्रिस्तावाचून तारण आहे असं मी म्हणू शकत नाही, तू मित्र आहेस म्हणून खोटं गोड बोलणार नाही. पण निवाडा ज्याच्याकडे आहे तो कोण हे मला माहिती आहे, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठी तो काय बोलला हेही. अण्णांना मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांना त्याच्या हातात सोपवताना मला भीती वाटत नाही.

मे महिन्यात येतोयस ना, तेव्हा ह्या सगळ्यावर भांड माझ्याशी, विशेषतः ५०० लोकांच्या मुद्द्यावर, मला माहितीये तुला तो पटणार नाही. वहिनींना सांग आईची लोणच्याची बरणी त्यांच्यासाठी ठेवलीये, घेऊन जा.

तुझा,
डॅनी