तंबूची जागा निवडताना

महोदय,

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलांत तंबू ठोकून राहण्याची हौस वाढत आहे. मात्र जागा ठरवताना बहुधा पाणवठ्याची शोभाच पाहिली जाते. मलप्रभेच्या उगमाजवळचा कणकुंबी परिसर घाटमाथ्यावरचा असल्याने पावसात तेथील ओढे पाहता पाहता फुगतात, म्हणून मुक्काम काठापासून दूर, किंचित उंच आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीवर असावा, शिवाय डोक्यावर वाळलेली फांदी नसावी. रात्री पाण्याकडची वाट गव्या-अस्वलांची असते. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबूच नये. राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगावकर पितात. त्याच्या काठी भांडी घासणे मला तरी असभ्यपणाचे वाटते. मुक्कामास योग्य जागांचे फलक वनखात्याने कन्नडबरोबर मराठीतही लावावेत, ही विनंती.

— एक वाचक, खानापूर